पोळपाटावरचं पुस्तक

बाई, तुमचा पोळपाट आता माझ्याकडे आहे. तेरावं झाल्यावर तुमच्या भावजयीनं तो एका धुतलेल्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. "घेऊन जा मास्तर," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे दुसरा आहे. हा तर वन्संनी घरात कधी टिकूच दिला नाही." मी तो सायकलच्या हॅन्डलला अडकवून रामबागेतून परदेशीपुऱ्यापर्यंत आलो. सकाळी शाळेत तुमच्या वर्गाच्या टेबलावर ठेवला, तर पहिलीतली पोरं भोवती गोळा झाली. मग एकानं विचारलं, "माटसाब, बेनजींचा आहे ना?" मी हो म्हणालो. मग फळा पुसायला घेतला. फळा कोराच होता.

शोकसभेत तुमच्याबद्दल चांगलं बोललं गेलं. तुमची नोकरी, तुमचा स्वभाव, होळकरांच्या कचेरीतलं तुमच्या घराण्याचं नाव, सगळं झालं. पण मला त्या भाषणांत तुम्ही कुठं दिसला नाहीत. मी मागच्या बाकावर बसून तुमचा दम लागलेला श्वास ऐकायचा प्रयत्न करत होतो. म्हणून हे तुमच्याशीच बोलतो आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "काय गौतमपुरा, आज इतकं बोलणं कसं सुचलं?"

गौतमपुरा हे तुम्ही मला ठेवलेलं नाव. मी बी.ए. होऊन तुमच्या शाळेत लागलो, तेव्हा नावापेक्षा गावच जास्त सांगत होतो म्हणे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी नीट चढलेलं नव्हतं. वडील गौतमपुऱ्याच्या कचेरीत शिपाई. जन्मभर कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेले, त्यांवर काय लिहिलं आहे ते त्यांना कधी कळलं नाही. मला वाचता यायला लागलं तेव्हा ते माझ्या शेजारी येऊन बसायचे आणि पुस्तकाकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहायचे. आमच्या गुरुजींच्या हातात फूटपट्टी असायची. शब्द चुकला की बोटावर. त्यामुळं मी शुद्ध वाचायला शिकलो, हे खरं. पण प्रत्येक शब्दाआधी बोट आखडून घ्यायचं, हेही त्याबरोबरच शिकलो. कॉलेजात मोठमोठे ग्रंथ वाचले तेही तसेच, अंग चोरून.

असा मी तुमच्या वर्गाच्या दारात उभा राहिलो, आणि आत काय चाललं आहे ते मला कळेना.

तुम्ही जमिनीवर बसला होता. शेजारी एक मुलगा पुस्तकावर वाकून वाचत होता, आणि तुम्हीही वाचत होता. दोघं एकत्र नाही. तुम्ही त्याच्या किंचित मागून. तो "आंब्याच्या" म्हणायचा आणि त्याचा "च्या" संपता संपता तुमचा हलका आवाज "आंब्याच्या" म्हणत यायचा. तो पुढं गेला की तुम्ही मागोमाग. तो अडला की अर्धा क्षण काहीच नाही, आणि मग तुमच्या तोंडून तो शब्द असा सहज यायचा की मुलाला वाटावं आपलाच आवाज पुढं गेला. तो लगेच तो शब्द उचलून चालायला लागायचा. चूक केली तर तुम्ही थांबवत नव्हता. तुमच्या आवाजात तो शब्द बरोबर यायचा, इतकंच. पान संपलं की तुमचं एकच वाक्य: "हं, परत एकदा."

मी वाट पाहत होतो की हा मुलगा कंटाळेल. तो कंटाळला नाही. दुसऱ्या वेळी अडखळणं कमी झालं. तिसऱ्या वेळी तो वेगळाच वाचायला लागला. आधी खडे टाकल्यासारखे पडणारे शब्द एका ओळीत आले आणि वाक्याला बोलण्याचा सूर आला. धड्यातली म्हातारी "कोण रे तिकडे?" असं विचारते, तिथं त्याच्या आवाजात खरोखर म्हातारी आली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तुमचा आवाज येतच नाहीये. तो कधी थांबला ते मला कळलं नव्हतं. मुलालाही नाही.

"हे काय करता तुम्ही?" मी मधल्या सुट्टीत विचारलं.

"साथ," तुम्ही म्हणालात. तुमचे वडील कीर्तनात पेटी वाजवत, आणि लहानपणी तुम्ही त्यांच्या मांडीला टेकून बसत असा. "साथ करणाऱ्यानं बुवांच्या पुढं जायचं नाही. पण बुवा अडले, तर सूर तिथं आधीच जाऊन बसलेला पाहिजे. बाबा म्हणायचे, ज्या दिवशी कोणी म्हणेल आज पेटी फार छान वाजली, त्या दिवशी समज साथ बिघडली."

मी म्हणालो, "पण चूक जागच्या जागी दुरुस्त नको करायला? नाही तर ती तशीच पक्की होईल."

"चूक कुठं पळून जात नाही हो, मास्तर. तिथंच बसलेली असते. पोरगं दुसऱ्या फेरीला आलं की त्याची त्याला दिसते."

"आणि नाही दिसली तर?"

"तर तिसऱ्या फेरीला."

"सगळं पाठ होतं त्यांचं. पाठ म्हणजे वाचन नव्हे."

तुम्ही डब्यातली भाजी माझ्या पोळीवर ठेवलीत आणि म्हणालात, "जेवा आधी." आपला वाद तिथं सुरू झाला आणि तुमच्या शेवटच्या दुपारपर्यंत चालला.

चंद्राची गोष्ट मी कितीतरी जणांना सांगितली आहे, पण तुम्हाला कधी सांगितली नाही, कारण ती तुमचीच होती. आज मात्र सांगतो. माझ्या बाजूनं ती कशी दिसली, ते तुम्हाला ठाऊक नाही.

चंद्रा पहिलीत दोनदा बसलेली. वडील रामभाऊ मिलमध्ये मागावर, आई बॉबिन खात्यात. तिच्याहून थोरले दोन भाऊ, आणि धाकटा पाळण्यातला. पुस्तक हातात दिलं की ती एकेक अक्षर असं लावायची, जसं अंधारात कोणी भिंत चाचपावी. एका ओळीला इतका वेळ, की वर्गातली पोरं जांभया द्यायची. मी मनात ठरवून टाकलं होतं की या मुलीला वाचन येणार नाही. तुम्ही काही ठरवलेलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी रामभाऊ पाळी सुटल्यावर शाळेत आले. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. ते पायरीवरच उभे राहिले.

"बेनजी, सच सांगा. हिचं डोकं चालतं की नाही?"

"चालतं."

"मग दोन साल पहिलीतच कशी? घरी लहान्याला बघायला कोणी नाही. यंदा पास झाली तर झाली, नाही तर घरी बसवतो. मी काय दुश्मन आहे तिचा?"

"दुश्मन कशाला असाल? परीक्षेपर्यंत थांबा. आणि लहान्याला तिच्याबरोबर इथंच पाठवा."

रामभाऊ माझ्याकडे पाहून हसले. "भिया, सुनलं का? आता माझी दोन पोरं पहिलीत."

दुसऱ्या दिवसापासून वर्गाच्या खिडकीच्या गजांना झोळी बांधली गेली. हेडमास्तर दारातून डोकावले. "बाई, ही शाळा आहे की पाळणाघर?"

"दोन्ही, साहेब. पगार मात्र एकाचाच घेते."

ते गेले. तुम्ही झोळीची दोरी चंद्राच्या हातात दिलीत आणि वर्गातल्या गणपतला वाचायला बसवलंत. गणपत तुमच्या शेजारी, पुस्तक त्याच्या पुढ्यात जमिनीवर. चंद्रा समोरच्या बाजूला, दोरी ओढत. गणपत एका शब्दाशी अडला. तुम्ही तुमचा अर्धा क्षण थांबलात, आणि तेवढ्यात समोरून तो शब्द आला. चंद्राच्या तोंडून. पुढच्या ओळीला गणपत पुन्हा अडला, पुन्हा समोरून शब्द आला. तुम्ही मान वर केली नाही. फक्त म्हणालात, "गणपत, जरा थांब रे. चंद्रा, तू म्हण पुढं."

चंद्रानं दोरी न सोडता पान संपेपर्यंत वाचलं. पाण्यासारखं.

"पाठ आहे तिचं," मी मागून म्हणालो. "दोन वर्षं तेच धडे ऐकते आहे."

तुम्ही हळूच विचारलंत, "पाठ आहे, तर पुस्तक हातात दिल्यावर का म्हणता येत नाही तिला?"

तुम्ही उठलात आणि कोपऱ्यातून शेंगदाण्याच्या पुडीचा कागद उचलून आणलात. कुठल्या तरी जुन्या मराठी मासिकाचं पान होतं ते. चंद्राच्या पुढं सुलट ठेवलंत. ती बोट ठेवून चाचपायला लागली. मग तुम्ही कागद उलटा फिरवलात. डोकं खाली, पाय वर. आणि चंद्रा वाचायला लागली. केसांच्या तेलाची जाहिरात होती. "लांब, दाट व काळेभोर केस" असं तिनं इतक्या ठसक्यात वाचलं, की पोरं हसून लोळली. ती दचकून थांबली. आपण काय केलं ते तिला माहीतच नव्हतं.

मी उभा होतो तो खाली बसलो. बाई, मी पुस्तकं पुष्कळ वाचली आहेत, पण त्या दिवशी त्या तेलकट कागदाकडे पाहताना अंगावर काटा आला. एवढीशी पोर. कोणी शिकवलं नाही, कोणाला सांगितलं नाही.

उलगडा तुम्हीच केलात. संध्याकाळी तुम्ही मला घेऊन तिच्या खोलीवर गेलात. भिंतीशी दोघं भाऊ एकाच पुस्तकावर अभ्यास करत बसलेले. समोरच्या बाजूला आढ्याला टांगलेली झोळी, आणि झोळीची दोरी ओढणारी चंद्रा. भाऊ मोठ्यानं वाचत होते आणि ती रोज समोरून त्याच पानाकडे पाहत होती. तिच्यासाठी अक्षरं पहिल्यापासून त्या बाजूनंच उभी होती. आपण शाळेत तिच्या हातात देत होतो, तेच पुस्तक तिला उलटं होतं.

परत येताना मी उत्साहानं म्हणालो, "कळलं ना कारण! उद्यापासून उलटं वाचायची सक्त मनाई करू. सवय मोडली की झालं."

तुम्हाला चढावर दम लागला होता. तुम्ही एका ओट्यावर बसलात. श्वास जागेवर आल्यावर म्हणालात, "ती वाचते आहे, मास्तर. वाचणाऱ्याला थांबवून वाचायला शिकवायचं?"

"पण जग तर सुलट वाचतं."

"येईल की जगाकडे. तिला चालत येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी तुम्ही पिशवीतून पोळपाट काढलात. पोरांनी गलका केला, "बेनजी, आज पोळ्या करायच्या?" तुम्ही तो जमिनीवर ठेवलात, त्यावर पुस्तक ठेवलंत, उलटं, चंद्राला हवं तसं. पोळपाटाच्या कडेवर, बरोबर चंद्राच्या समोर, खडूची एक रेघ ओढलीत आणि तिच्या शेजारी बसून तिच्या मागून वाचायला लागलात. काही दिवसांनी पोरं यायच्या आधी तुम्ही वाकून पोळपाट दोन बोटं फिरवलात. इतका थोडा, की मला तुम्ही सांगितल्यावरच दिसला. नवी रेघ. चंद्रा बसली आणि वाचायला लागली. तिला पत्ताही नाही. असं हिवाळाभर चाललं. ती एखाद्या दिवशी मान तिरकी करायला लागली, तर तुम्ही पोळपाट जरा मागं घ्यायचा. तुमच्या मनात घाई म्हणून नव्हतीच. मी रोज रेघा पाहायचो आणि परीक्षा मोजायचो.

"घरी पोळ्या कशावर लाटता?" मी एकदा विचारलं.

"उपड्या ताटावर," तुम्ही म्हणालात. "जरा जाड होतात. वहिनी रागावते. पण पोळी काय, पोटात गेल्यावर कुठं कळतं लाटली कशावर?"

आणि एका दुपारी, पोरं गेल्यावर, तुम्ही मला पोळपाटासमोर बसवलंत. पुस्तक माझ्याकडे उलटं केलंत. "वाचा."

मी हसत सुरुवात केली आणि दुसऱ्याच शब्दावर हसणं थांबलं. मला एकेक अक्षर लावावं लागत होतं. हा काना की वेलांटी? हे अक्षर संपलं की पुढच्याला चिकटलं? ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरून गेलो होतो. वाक्याचा अर्थ काय, हे मला सांगता येईना. माझं बोट आपोआप पुस्तकावर आलं होतं आणि, बाई, ते आखडलेलं होतं. तुम्ही माझ्या बोटाकडे पाहिलंत.

"आता मी येऊ मागून?" म्हणालात.

मी परत पहिल्या ओळीपासून सुरू केलं आणि तुमचा आवाज माझ्या मागून यायला लागला. खालच्या पट्टीत, थोडा धापेनं फुटणारा. मी अडलो. अर्धा क्षण गेला, आणि शब्द आला. कोणी मारलं नाही, कोणी "चूक" म्हणालं नाही. मी पुढं गेलो. तिसऱ्या फेरीला माझं बोट मांडीवर होतं. ते कधी सुटलं ते मला कळलं नाही. पंचवीस वर्षांचा पदवीधर माणूस, त्या रिकाम्या वर्गात मला पहिल्यांदा कळलं की वाचताना पाठीमागं कोणी असलं, की कसं वाटतं.

हे मी तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं आहे, जमेल सरावानं," आणि सायकलकडे गेलो.

परीक्षेपर्यंत पुस्तक जेमतेम आडवं झालं होतं. पाव फेरी. सुलट व्हायला तेवढीच अजून बाकी होती. इन्स्पेक्टरसाहेब यायच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला पुन्हा म्हणालो, "आता तरी पुस्तक सरळ हातात द्या. उद्या ती नापास झाली तर रामभाऊ तिला घरी बसवतील." तुम्ही झोळीची दोरी ओढत होता. तुम्हालाही भीती वाटत होती, ते मी त्या दिवशी पाहिलं. तुमचा दोरी ओढणारा हात थांबला होता आणि लहाना रडायला लागला होता. शेवटी म्हणालात, "ती कुठून वाचणार ते तिलाच ठरवू दे."

साहेब माळवी बोलणाऱ्या घरातले. मराठी वाचता यायचं, बोलताना गडबड व्हायची. त्यांची एक रीत होती. शाळेचं पुस्तक ते वापरत नसत, कारण पोरं पाठ म्हणतात असा त्यांचा अनुभव. स्वतःचं, तपकिरी कागदाचं वेष्टण घातलेलं पुस्तक ते टेबलावर स्वतःसमोर उघडत, आणि मूल त्यांच्या खुर्चीशेजारी येऊन वाचत असे. चंद्राचं नाव पुकारलं. ती टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"इकडे आओ बेटी. माझ्या बाजूला."

चंद्रा हलली नाही. दारात रामभाऊ उभे होते, पाळी बदलून आलेले, टोपी हातात घेतलेली. मी तिला खांद्याला धरून पलीकडे न्यायला निघालो, तर तुम्ही माझी बाही धरलीत. घट्ट. चंद्रानं टेबलाच्या काठावर दोन्ही हात ठेवले, साहेबांच्या पुस्तकाकडे समोरून पाहिलं आणि वाचायला लागली. कधी न पाहिलेला धडा. विहीर खणणाऱ्या दोन भावांची गोष्ट. पहिलं वाक्य जरा सावकाश, दुसरं त्याहून मोकळं, आणि मग धाकटा भाऊ विहिरीतून ओरडतो तिथं तिचा आवाज खरंच खोल गेला.

साहेब पुस्तकात पाहत होते. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, परत पुस्तकाकडे. भलेपणानं त्यांनी पुस्तक फिरवून तिच्याकडे सुलट केलं. ती ताबडतोब अडखळली. त्यांनी घाईनं ते परत आपल्याकडे वळवलं, आणि धडा पुढं वाहायला लागला. त्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि धडा संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.

मी तुमच्याकडे पाहिलं होतं. तुमचे ओठ मिटलेले होते. तुम्ही मागून वाचत नव्हता. नंतर मी कारण विचारलं, तर म्हणालात, "तिला गरज नव्हती. मग मी कशाला?"

"कमाल आहे, बेनजी," साहेब म्हणाले. "पास लिहितो. लेकिन अगले साल सीधी वाचेल ना?"

"अगले साल दोन्ही बाजूंनी, साहेब."

रामभाऊंना त्यातलं पुस्तकाचं काही कळलं नसावं. त्यांनी माझ्या वडिलांसारखं फक्त पोरीच्या तोंडाकडे पाहिलं होतं. पायरी उतरताना ते तुम्हाला म्हणाले, "लहान्यालाही नाव लावून टाका बेनजी, येतोच आहे तर."

त्या संध्याकाळी सगळे आनंदात असताना मी तुम्हाला म्हणालो, "चंद्रानं एक शब्द गाळला. छोटे शब्द ती खाऊन टाकते, 'पण', 'तरी', असले. ओघ आला, पण नेमकेपणा सुटतो आहे. हेच मी पहिल्यापासून म्हणतोय."

"ऐकलं मी," तुम्ही म्हणालात. "बरोबर आहे तुमचं. उद्या बघू."

तुम्ही माझं म्हणणं मान्य केलंत, असं ते एकदाच. आणि तरी वाद संपला नाही, कारण उद्या आला तेव्हाही तुम्ही तिला थांबवलं नाहीच. पान संपलं की "परत एकदा." मी माझ्या वर्गात मुलांना थांबवत राहिलो, तुम्ही तुमच्या वर्गात मागून चालत राहिलात, आणि मधल्या सुट्टीत आपण डबे उघडून भांडत राहिलो. खरं सांगू का, मला अजूनही वाटतं की काही मुलांना चूक जागीच दाखवावी लागते. आता हे कोणाला सांगू? माझ्या बाजूनं मी एकटा किती भांडणार?

पुस्तक दुसऱ्या इयत्तेत कधी तरी सुलट झालं. नेमकं कधी, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. एक दिवस कडेच्या रेघा जुळून पूर्ण फेरीचा अर्धा भाग झाला होता आणि चंद्रा नेहमीसारखी वाचत होती. तुम्ही पोळपाट पिशवीत घालून घरी नेलात. म्हणालात, "आज पातळ पोळ्या."

या पावसाळ्यात तुमचा दमा वाढला आणि तुम्ही रामबागेतच अडकलात. चंद्रा माझ्या मागं लागली, "माटसाब, बेनजींकडे घेऊन चला." मग शाळा सुटली की ती सायकलच्या दांड्यावर बसायची आणि आपण तिघं तुमच्या खोलीत दुपार काढायचो. तुम्हाला पुस्तक धरवत नव्हतं. तुमची नजर मात्र ओळीवर हवी होती, नुसतं ऐकून तुमचं समाधान होत नव्हतं. चंद्रानंच युक्ती काढली. वहिनींकडून पोळपाट मागून आणला, तुमच्या पांघरुणावर ठेवला, पुस्तक त्यावर तुमच्याकडे सुलट केलं, आणि स्वतः पायाशी, समोर बसली. तिच्याकडे पुस्तक उलटं. ती वाचायला लागली, तशा तुम्ही हसलात. कितीतरी दिवसांनी हसलात. मग तुमचा आवाज तिच्या मागून निघाला, मोडका, श्वासाश्वासाला तुटणारा, पण तेवढाच मागं. वहिनी दारात हात पुसत उभ्या राहिल्या आणि मग आत येऊन बसल्याच.

त्या दिवशी आम्ही आलो तेव्हा तुम्ही उशांना टेकून बसला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात, पण त्या दुपारी तसं काही वाटलं नव्हतं. पलीकडे कोणी तरी गहू निवडत होतं. चंद्रानं विहिरीचा धडा काढला, तोच, परीक्षेतला; आता तो तिच्या इयत्तेच्या पुस्तकात होता. ती वाचत होती आणि तुम्ही मागून वाचत होता, आणि मग मला जाणवलं की फक्त तिचाच आवाज येतो आहे.

मला वाटलं तुम्ही झोपलात. पाहिलं, तर डोळे उघडे होते. ओळीवरून चालत होते, तिच्या जरासे मागं. तुम्हाला श्वास पुरेना म्हणून थांबलात की मुद्दाम थांबलात, ते मला कळलं नाही. चंद्रानं मान वर केली नाही. तिला तुमचा आवाज गेल्याचं कळलंच नव्हतं.

शेवटच्या ओळींत तिनं तो छोटा शब्द गाळला. त्याच जागी, परीक्षेत गाळला होता तिथंच. माझ्या तोंडून निघणारच होतं. तुमची नजर त्या शब्दावर क्षणभर थांबली, आणि तिला गाठायला पुढं गेली. मी गप्प राहिलो.

धडा संपला. खोलीत आम्ही तुमच्या दोन शब्दांची वाट पाहत होतो. ते आले नाहीत. चंद्रा थोडी थांबली, बोटानं पानाचा कोपरा सरळ केला, आणि स्वतःशीच म्हणाली, "परत एकदा." ती पहिल्या ओळीवर गेली. या वेळी कोणाच्या साथीशिवाय, सावकाश, विहिरीच्या तळापर्यंत. तो शब्द आला. तिनं तो घेतला, जणू तो नेहमीच तिथं होता.

मी तुमच्याकडे पाहिलं, बाई. तुम्ही डोळे मिटून घेतले होते आणि ऐकत होता.